विहिरीत उतरलेल्या माणसाला हवा संपल्याचे का कळत नाही?

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार. आमची शेती परभणी जिल्ह्यात, गोदाकाठच्या काळ्या रानात आहे. यंदा वैशाखातच विहिरीने तळ दाखवला, म्हणून गाळ काढून घ्यायचे ठरले. वडिलांचे वय आता 78 आहे. त्यांनी ‘आत कोण उतरणार आणि कसे उतरणार ते आधी मला सांगा’ असे विचारून दोन गोष्टींची आठवण करून दिली. त्या दोहोंतला फरक मला उलगडत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

पहिली गोष्ट पेवाची. त्यांच्या लहानपणी वाड्याच्या अंगणात ज्वारीचे पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, होते. पेव उघडले की त्या दिवशी कुणी आत उतरायचे नाही, असा आजोबांचा दंडक होता. तोंडावरची फरशी काढून पेव रात्रभर उघडे ठेवायचे, दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा आणि तो तेवत राहिला तरच माणूस खाली जायचा. एका वर्षी शेजारच्या वाड्यातला सालगडी घाई करून उतरला. कमरेइतका आत जाताच त्याला एवढी धाप लागली, की तो ओरडत, कठड्याला ओरबाडत वर आला आणि पुढे तासभर डोके धरून बसला. त्याला ‘पेवाची वाफ लागली’ असे म्हणाले.

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडलेली, दहा-बारा वर्षांपूर्वीची. विहिरीत मध्यावरच्या टप्प्यावर पेट्रोल-रॉकेलचे छोटे इंजिन ठेवून सकाळभर पाणी उपसले होते. इंजिन बंद करून चुलतभाऊ फुटव्हॉल्व्ह बघायला खाली उतरला. ‘पाना टाका’ म्हणाला, आम्ही पाना टाकला, आणि तो उचलायला वाकलेला भाऊ तसाच भिंतीला टेकून खाली बसला. तो ओरडला नाही, धापला नाही, त्याने वर पाहिलेसुद्धा नाही. कमरेला नाडा बांधलेला होता म्हणून ओढून काढता आले आणि तो वाचला. दवाखान्यात बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 97 टक्के दिसत होता, तरी तो शुद्धीवर नव्हता.

एकाला जीव नकोसा होईपर्यंत धाप लागली आणि दुसऱ्याला काहीच कळले नाही, हे कसे? हवेतला ऑक्सिजन कमी झाल्याचे आपल्या शरीराला कळते की नाही, आणि कळत असेल तर कुठे कळते? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

बालाघाटी

आमच्याकडे बीड जिल्ह्यात जुन्या आडात उतरण्यापूर्वी कडुलिंबाचा मोठा डहाळा दोरीला बांधून बराच वेळ वर-खाली करतात आणि वरून बादल्या-बादल्यांनी पाणी ओततात. लहानपणी मला तो देवाधर्माचा भाग वाटायचा. आतली साचलेली हवा हलावी म्हणून ते करतात, हे फार उशिरा समजले. तुमच्या आजोबांच्या कंदिलामागेही तोच अनुभव असणार.

भूलतज्ज्ञ_लातूर

गोदातीर, तुम्ही ज्या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत, त्यांतच उत्तर दडलेले आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी बसून दुसऱ्याच्या श्वासाची राखण करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

श्वास कोंडल्यावर आपल्याला जी घुसमट जाणवते, ती मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याची नसते. ती कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. मेंदूच्या तळाशी, मान सुरू होते तिथे, लंबमज्जा नावाचा भाग आहे. श्वासाची लय तिथेच जन्माला येते. लंबमज्जेच्या पुढच्या पृष्ठभागालगतच्या काही पेशी मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता सतत जोखत असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सहज ओलांडतो, त्या द्रवात विरघळून तो आम्लधर्मी करतो, आणि या पेशी श्वासाचा वेग व खोली वाढवतात. धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब साधारण 40 मिलिमीटर पारा असतो. तो एका मिलिमीटरने जरी वर गेला, तरी निरोगी माणूस मिनिटाला सुमारे दोन-तीन लिटर जास्त हवा आत-बाहेर करू लागतो. विश्रांतीत आपण मिनिटाला सहा-सात लिटर हवाच घेतो, हे लक्षात घेतले तर ही यंत्रणा किती हळवी आहे ते कळेल. जॉन स्कॉट हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 साली हे दाखवून दिले, की रोजच्या जगण्यात श्वासाचा लगाम कार्बन डायऑक्साइडच्या हातात असतो.

आता पेवाकडे पाहू. पेवातली ज्वारी जिवंत असते. ती ऑक्सिजन वापरते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे पेवासारख्या खोल, बंद जागेत भरून राहतो. सालगड्याने तो छातीत घेताच लंबमज्जेने हाकाटी केली. ती धाप म्हणजे शरीराने दिलेला इशाराच होता, आणि त्याने तो ऐकला म्हणून तो बाहेर आला. मात्र त्या इशाऱ्यावरही विसंबून राहू नये. हवेत हा वायू 10 टक्क्यांच्या वर गेला, तर काही मिनिटांतच शुद्ध जाते आणि प्रमाण आणखी जास्त असेल तर तेवढाही अवधी मिळत नाही.

विहिरीतली गोष्ट निराळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

विज्ञानशिक्षिका_हिंगोली

डॉक्टर, तुमच्या म्हणण्याला माझ्या वर्गातला एक अनुभव जोडते. आठवीच्या मुलांना श्वसनाचा पाठ शिकवताना मी घरचे ऑक्सिमीटर नेले होते. एका मुलाने खुर्चीवर बसून श्वास रोखला आणि वर्गाने सेकंद मोजले. पस्तिसाव्या सेकंदाला त्याच्या पोटाचे स्नायू उडू लागले, चाळिसाव्याला चेहरा लाल झाला आणि त्याने तोंड उघडले. त्या क्षणी आकडा किती होता? 98. सुरुवातीलाही तो 98 च होता. एक मुलगी लगेच म्हणाली, ‘बाई, मग ह्याला ऑक्सिजन कुठं कमी पडला होता?’ यंत्राचा आकडा बोटापर्यंत थोडा उशिरा पोहोचतो हे मी मुलांना सांगितले, पण पुढची दोन मिनिटे लक्ष ठेवूनही तो 96 च्या खाली आला नाही.

त्या मुलीच्याच प्रश्नावर माझी शंका आहे. मग शरीरात ऑक्सिजन जोखणारे काहीच नाही का?

भूलतज्ज्ञ_लातूर

तुमच्या विद्यार्थिनीचे मनापासून कौतुक वाटते.

ऑक्सिजन जोखणारे इंद्रिय आहे. मानेला दोन्ही बाजूंना, जबड्याच्या कोनाखाली बोट ठेवले की नाडी लागते. ती धमनी जिथे दुभंगते, नेमक्या त्या बेचक्यात ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ असते. तिला कॅरोटिड बॉडी म्हणतात. शरीरातील कोणत्याही अवयवाला त्याच्या वजनाच्या मानाने मिळत नसेल एवढे रक्त या दाण्यातून वाहते. मेंदूकडे जाणारे रक्त वाटेत इथे तपासले जाते, जणू जकात नाक्यावरच.

माद्रिदच्या फेर्नांदो दे कास्त्रो यांनी 1920 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीतल्या नसा बारकाईने रेखाटल्या आणि ही गाठ रक्ताची चव घेत असावी असे अनुमान मांडले. बेल्जियममधील गेंटच्या कॉर्नेल हेमान्स यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून ते कार्य सिद्ध केले आणि त्यांना 1938 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दे कास्त्रोंच्या वाट्याला तो मान आला नाही, याची मला आजही रुखरुख लागते.

या गाठीतल्या पेशींच्या आवरणात पोटॅशियम बाहेर सोडणारी दारे असतात. ऑक्सिजन घटला की ती दारे मिटतात, पेशीचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते, पेशी आपली रसायने शेजारच्या मज्जातंतूवर ओतते, आणि नवव्या कवटी-मज्जातंतूतून लंबमज्जेला निरोप जातो. ऑक्सिजनची घट पेशीला पहिल्यांदा नेमकी कुठे टोचते, याविषयी संशोधकांत अजून वाद आहेत, पण पेशीतल्या तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांचा, त्यात मोठा वाटा आहे असे बहुतेकांना वाटते. सगळा कारभार काही सेकंदांत होतो.

मात्र हा राखणदार उशिरा बोलतो. धमनीतला ऑक्सिजनचा दाब सामान्यतः 80 ते 100 मिलिमीटर पारा असतो. तो 60 च्या आसपास येईपर्यंत कॅरोटिड बॉडीचा आवाज क्षीण असतो आणि त्याखाली तो झपाट्याने चढतो. दाब 60 असताना हिमोग्लोबिन अजून सुमारे 90 टक्के भरलेले असते, म्हणून निसर्गाने तिथपर्यंत घाई केलेली नाही. दुसरे म्हणजे, हे दोन राखणदार एकमेकांचे ऐकतात. कार्बन डायऑक्साइड वाढलेला असताना ऑक्सिजन घटला तर कॅरोटिड बॉडी दुप्पट जोराने ओरडते. कार्बन डायऑक्साइड उतरलेला असेल तर तिचा आवाज दबतो.

मांजराकाठचा

‘आवाज दबतो’ हे वाचून अंगावर काटा आला, कारण त्यातून मी स्वतः गेलो आहे. आमचे सगळे बालपण विहिरीत पोहण्यात गेले. पाठीला पांगऱ्याचा बिंडा बांधून पोहायला शिकलो आणि बिंडा सुटल्यावर बुडी मारून तळाची माती मुठीत आणायची पैज लागायची. एका थोरल्या मुलाने युक्ती शिकवली, की उडी मारण्याआधी वीस-पंचवीस वेळा जोरजोरात श्वास घ्यायचा, मग दम जास्त टिकतो. दम खरोखरच टिकायचा. एकदा मी तळाशी माती चाचपत होतो आणि मला कमालीचे शांत वाटत होते. वर यावेसेच वाटत नव्हते. पुढचे आठवते ते एकदम पायरीवर पालथा पडलेलो असतानाचे. मित्राने केस धरून वर आणले होते. डॉक्टर, हे तेच ना?

भूलतज्ज्ञ_लातूर

होय, तेच आहे, आणि मित्राने वेळेवर हात घातला म्हणून आज आपण बोलतो आहोत. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला ऑक्सिजन जवळजवळ वाढत नाही, कारण हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेले असते. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. पाण्याखाली ऑक्सिजन संपत जातो, पण कार्बन डायऑक्साइड इशाऱ्याच्या पातळीला पोहोचलेलाच नसतो. वर येण्याची ऊर्मी होण्यापूर्वीच शुद्ध हरपते. विहिरीवर पोहायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट त्याच्या घरच्यांनी सांगितली पाहिजे.

योगसाधक_अंबाजोगाई

मी पंधरा वर्षे प्राणायाम शिकवतो. कपालभाती आणि भस्त्रिकेने शरीरात ऑक्सिजन भरपूर भरला जातो असे आम्ही सांगत आलो आहोत आणि साधकांना त्यानंतर प्रसन्न वाटते हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे. वरील विधान मला एकांगी वाटते. कुंभकाचा सराव केलेला साधक दोन-दोन मिनिटे सहज श्वास रोखतो, त्याचे काय?

भूलतज्ज्ञ_लातूर

तुमच्या अनुभवाला माझा विरोध नाही, कारणमीमांसेला आहे. भस्त्रिकेनंतर काही जणांच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. ते ऑक्सिजन वाढल्यामुळे होत नाही. कार्बन डायऑक्साइड उतरल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तातले मोकळे कॅल्शियम थोडे घटते, म्हणून ते होते. कुंभकाच्या सरावाने साधक कार्बन डायऑक्साइडची घुसमट शांतपणे सोसायला शिकतो. त्या संयमाचे मोल मी जाणतो. माझी विनंती एवढीच आहे, की भस्त्रिकेनंतर लगेच दीर्घ कुंभक पाण्यात कुणीही करू नये आणि चक्कर येऊ लागली तर थांबावे.

योगसाधक_अंबाजोगाई

मुंग्या येण्याची तक्रार माझ्या वर्गात दर आठवड्याला कुणीतरी करते आणि मी ‘प्राण संचारतो आहे’ असे उत्तर देत होतो. आता थांबायला सांगेन. समजावून सांगितल्याबद्दल आभारी आहे.

परिचारिका_जालना

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत मी कोविड कक्षात होते. त्या दिवसांतले एक दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पन्नाशीचे एक गृहस्थ पलंगावर मांडी घालून भाकरी खात होते आणि मुलाशी फोनवर पेरणीचे बोलत होते. बोटाला लावलेल्या यंत्रात आकडा 78 होता. यंत्र बिघडले असेल म्हणून मी दुसरे लावले, बोट बदलले, हात चोळून गरम केला. आकडा 78 च राहिला. मी विचारले, ‘काका, दम लागतो का?’ ते म्हणाले, ‘नाही माय, मला काय झालंय?’ मी मास्क चढवताना ते माझीच समजूत घालत होते.

तेव्हा आम्हाला कुणी नीट कारण सांगितले नव्हते. वरची चर्चा वाचताना ते आता लक्षात येते आहे. त्यांच्या फुप्फुसांतून ऑक्सिजन आत जात नव्हता, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. असेच ना, डॉक्टर?

भूलतज्ज्ञ_लातूर

ताई, अगदी तसेच. कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा वीसपट सहज विरतो, त्यामुळे आजारी फुप्फुसाच्या उरलेल्या चांगल्या भागातूनही तो निघून जातो. घुसमटीचा मुख्य निरोपच जात नाही. शिवाय वय वाढले की, आणि बऱ्याच मधुमेहींमध्ये, कॅरोटिड बॉडीची प्रतिक्रिया मंदावते. तुम्ही रुग्णाच्या शब्दावर न थांबता आकड्यावर विश्वास ठेवलात, तेच बरोबर होते. हा आकडा दाखवणाऱ्या यंत्राचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात शोधले आणि कोविडची साथ जगभर पसरत असतानाच, एप्रिल 2020 मध्ये, त्यांचे निधन झाले.

गोदातीर

इथेच मी अडलो आहे. ताईंच्या रुग्णाचा आकडा 78 होता आणि तो भाकरी खात होता. माझ्या भावाचा आकडा 97 होता आणि तो बेशुद्ध होता. मग आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

भूलतज्ज्ञ_लातूर

विहिरीकडे येतो म्हणालो होतो, ते आता लिहितो.

रॉकेलवर किंवा पेट्रोलवर चालणारे इंजिन कोंदट जागेत कार्बन मोनॉक्साइड सोडते. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवून रक्ताचा रंग वाचते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच लाल दिसते. म्हणून 97. त्या यंत्राला तो फरक ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते.

शरीराचे दोन्ही राखणदारही इथे फसतात, आणि मला या विषयातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. कॅरोटिड बॉडी हिमोग्लोबिनवर किती ऑक्सिजन लादला आहे ते मोजत नाही. ती रक्तद्रवात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब मोजते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत तो दाब जवळजवळ पूर्ववत असतो. घागर रिकामी आहे, पण काठ ओला आहे. कार्बन डायऑक्साइडही वाढलेला नसतो, म्हणून लंबमज्जाही गप्प राहते. तुमचा भाऊ पाना उचलायला वाकला तोपर्यंत त्याच्या शरीराने त्याला काहीच सांगितलेले नव्हते. तीव्र रक्तक्षय असलेल्या माणसाला स्वस्थ बसल्यावर धाप लागत नाही, त्याचेही कारण हेच आहे.

विहिरीत आणखी एक प्रकार संभवतो. कुजण्याने किंवा मातीतल्या खनिजांच्या गंजण्याने ऑक्सिजन संपून मुख्यतः नायट्रोजन उरला असेल, तर दोन-चार श्वासांतच फुप्फुसे रक्तातला ऑक्सिजन उलट बाहेर टाकू लागतात. हवेत ऑक्सिजन 6 टक्क्यांच्या खाली असेल तर मिनिटभरही शुद्ध राहत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र प्रत्येक श्वासासोबत बाहेर पडत असतो, त्यामुळे घुसमट जाणवत नाही. पाय गळतात आणि माणूस बसतो.

सीमेवरून_परत

मी लष्करातून निवृत्त होऊन आता धाराशिवजवळ शेती करतो. लेहला, म्हणजे सुमारे 3500 मीटर उंचीवर, पोहोचल्यावर पहिले काही दिवस आम्हाला सक्तीची विश्रांती असायची. तिथे हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाबच इथल्या दोन-तृतीयांश असतो. रात्री बराकीत शेजारच्या जवानाचा श्वास चढत जायचा, मग एकदम थांबायचा, आणि आपण घाबरून उठून बसावे तोवर पुन्हा सुरू व्हायचा. तेव्हाच्या आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते, की कॅरोटिड बॉडी श्वास वाढवते, त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग लंबमज्जा ब्रेक लावते, आणि रात्रभर ही ओढाताण चालते. मूत्रपिंडांनी रक्तातला क्षार काही दिवसांत बाहेर टाकला की ब्रेक सैल होतो. डायमॉक्सची गोळी तेच काम लवकर करवते.

उंचीवरही माणसाला आपले बिघडले आहे हे कळत नाही. 15 एप्रिल 1875 रोजी तीन फ्रेंच वैमानिक ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून सुमारे 8600 मीटरपर्यंत गेले. त्यांच्याजवळ ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. वाचलेल्या गास्तों तिसांदिए यांनी पुढे लिहिले, की कसलाही त्रास वाटत नव्हता, उलट आनंद होत होता, आणि नळी तोंडाशी न्यायची म्हटले तर हात उचलेना. त्यांचे दोन्ही सोबती गेले. गोदातीर यांच्या भावाविषयी वाचताना मला तो न उचललेला हात आठवला.

डायलिसिसवाला

मी छत्रपती संभाजीनगरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतो. हिमोग्लोबिन वाढावे म्हणून मला एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन देतात. 2019 चे नोबेल पेशींना ऑक्सिजन कसा कळतो या शोधाला मिळाले, तो याच कॅरोटिड बॉडीचा शोध आहे का?

विज्ञानशिक्षिका_हिंगोली

याचे उत्तर मी देते, कारण त्या वर्षी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मी हा विषय अभ्यासला होता. तो शोध वेगळा आहे. कॅरोटिड बॉडी काही सेकंदांत श्वास बदलते. हा दुसरा मार्ग जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे आणि तो तासांच्या-दिवसांच्या गतीने चालतो. पेशी ‘एचआयएफ’ नावाचे एक प्रथिन सतत तयार करते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर सतत मोडूनही टाकते. मोडण्यापूर्वी त्याच्यावर एक खूण करावी लागते आणि ती खूण करायला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, प्रथिन टिकते, केंद्रकात जाऊन जनुके जागी करते, आणि मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडते. त्यातून अस्थिमज्जेत तांबड्या पेशी वाढतात. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांनी ही साखळी उलगडली. दादा, तुमचे मूत्रपिंड जे करू शकत नाही, ते काम ते इंजेक्शन करते.

डायलिसिसवाला

सहा वर्षे घेतो आहे, पण ते नेमके काय करते हे आज कळले. धन्यवाद, बाई.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो मी इथे जसाच्या तसा मांडतो: ‘कंदील तेवला, तर माणूस उतरवायचा का?’

भूलतज्ज्ञ_लातूर

काकांना माझा नमस्कार सांगा. ज्योत साधारण 16 टक्के ऑक्सिजनला विझते आणि माणूस तेव्हा अजून शुद्धीवर असतो, म्हणून पेवासाठी आजोबांची कसोटी शहाणपणाची होती. पण कार्बन मोनॉक्साइडमध्ये कंदील शांतपणे तेवत राहील, आणि गाळातून मिथेन निघत असेल तर तोच कंदील स्फोट घडवील. म्हणून विहिरीत कंदील सोडू नका. ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजणारे छोटे यंत्र दोरीला बांधून तळापर्यंत सोडता येते. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की ते वाजते. ते भाड्याने मिळते का, याची तालुक्याच्या ठिकाणी चौकशी करा. इंजिन कोणत्याही परिस्थितीत विहिरीत उतरवू नका. वरून पंख्याने जाड नळीतून तळाशी हवा सोडत राहा आणि माणूस आत असेपर्यंत ती थांबवू नका.

बालाघाटी

एक मी जोडतो. आमच्या भागात विहिरीत पहिला माणूस पडला की त्याला काढायला भाऊ उतरतो आणि भावाला काढायला बाप उतरतो. पडलेला माणूस ओरडत नाही, म्हणून वरच्यांना वाटते की त्याला चक्कर आली असेल. कमरेला नाडा असलाच पाहिजे, आणि वर ओढायला तीन-चार माणसे उभी असली पाहिजेत. त्यांपैकी कुणीही खाली उतरणार नाही, हे आधीच बोलून घ्यावे.

भूलतज्ज्ञ_लातूर

पूर्ण सहमत. कमरेऐवजी छाती आणि मांड्यांना धरणारा पट्टा असेल तर बेशुद्ध माणूस सरळ वर येतो. शिवाय खालच्याला सतत बोलते ठेवा. उत्तर आले नाही तर दुसऱ्यांदा हाक मारत बसू नका, लगेच ओढा.

गोदातीर

काल मानवतच्या बाजारातून पट्टा आणि साठ हात दोर आणला. मोजणारे यंत्र परभणीला मिळाले, दोन दिवसांच्या भाड्याने. आज सकाळी ते रिकाम्या विहिरीत सोडून पाहिले. वरच्या टप्प्यापर्यंत 20.9 होते, इंजिनाच्या जुन्या ओट्याखाली 20.1 झाले, आणि तळाशी गाळाला टेकताच 18.7 वर येऊन ते वाजू लागले. वडील कठड्याशी बसून ऐकत होते. पंखा लावून दोन तासांनी पुन्हा सोडले, तेव्हा तळाशी 20.8 आले. वडिलांनी तिसऱ्यांदा सोडायला लावले. मग भावाने, तोच तो, पट्टा अंगावर चढवला आणि उतरताना प्रत्येक पायरीला मोठ्याने आकडा म्हणत गेला.